‘तुम्ही नक्की कोण?’ : टेंभी नाक्याचं सिनेगॉग आणि श्रद्धेला पडलेले प्रश्न

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.

आजचा विषय श्रद्धा. म्हणजे देव आहे की नाही, हा वाद नाही. तो वाद आपल्याकडे चहाच्या टपरीवर रोज होतो आणि चहा संपला की संपतो. माझा प्रश्न वेगळा आहे. माणूस घराबाहेर पडतो, फिरतो, वाचतो, वेगळी माणसं बघतो, आणि लहानपणापासून जे मानत आलो ते हलायला लागतं. ते हललं की पुढे काय करायचं? घरचे म्हणतात, ‘प्रश्न विचारू नकोस, चालत आलंय ते चालू दे.’ मित्र म्हणतात, ‘पटत नाही ना? मग सोडून दे.’ या दोनच वाटा आहेत का?

याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. टेंभी नाक्यापर्यंत गेलो.

नाक्यावरचं एक दार

ठाण्याबाहेरच्या माणसाला टेंभी नाका म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक, आनंद दिघ्यांनी सुरू केलेला नवरात्रोत्सव. दुसरी, तिथली दहीहंडी. नवरात्रात दर्शनाची रांग लागते तेव्हा रिक्षावाले नाक्यावर यायलाच तयार नसतात. पण त्याच नाक्यावर मुनिसुव्रत स्वामींचं मोठं जैन मंदिर आहे. जांभळी नाक्याकडे चालत गेलात की कोपिनेश्वर. मासुंदा तलावाच्या बाजूला सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात, रोजच्या गडबडीत सहज लक्षात न येणारी एक इमारत, शआर हाशमाईम. हिब्रूत याचा अर्थ ‘स्वर्गाचं दार’. हे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग. बांधलं १८७९ साली.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. त्यानंतर २६ वर्षांनी हे सिनेगॉग उभं राहिलं. ते ज्यांनी बांधलं ते युरोपातून आलेले ज्यू नव्हते. ते आपल्याच कोकणातले, घरात मराठी बोलणारे, बायका नऊवारी नेसणाऱ्या घरांतले लोक होते. त्यांना म्हणतात बेने इस्रायल, म्हणजे ‘इस्रायलची लेकरं’. आडनावं ऐका: पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर, किहीमकर, नवगावकर. रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर निम्मी आडनावं त्यात सापडतील.

या समाजाची गोष्ट मी निवडली, कारण ‘तुम्ही नक्की कोण? तुम्ही मानता ते खरं कशावरून?’ हा प्रश्न त्यांना पुन्हा पुन्हा विचारला गेला. कधी पाहुण्यांनी, कधी परक्यांनी, कधी आपल्याच म्हणवणाऱ्यांनी. आणि तरी ते टिकले.

माझा यात काय संबंध, तेही सांगून टाकतो. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. चंपाषष्ठीला घरी तळी भरायची, हा आमच्याकडचा नेम. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. पुरुषमंडळींनी येळकोट करत ती तीनदा उचलायची. मग भंडारा कपाळाला. नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. हे सगळं बाबा करायचे. बाबा गेले त्याला आता दोन वर्षं झाली. आई मला म्हणाली, ‘बघ बाबा, तुला पटत असेल तर कर. नाहीतर मी शेजारच्या काकांना सांगते.’ आईच्या बोलण्यात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं, कारण रागाला उत्तर देता येतं. ‘पटत असेल तर’ याला काय उत्तर देणार? मला पटतं का, हेच मला माहीत नव्हतं.

तर या प्रश्नासकट मी एका रविवारी नवगावला गेलो.

नवगावचा किनारा आणि चौदा माणसं

गेटवेहून बोटीने मांडवा, तिथून पुढे अलिबागच्या रस्त्याला. किहीम, थळ, नवगाव ही एकाच किनारपट्टीवरची गावं. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी दिसतात. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी इथे एक जहाज फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती नवगावात पुरली. तिथे आता समाजाने उभारलेला स्मारकस्तंभ आहे आणि जुनी दफनभूमी आहे.

वाचलेल्यांचं सगळं सामान बुडालं होतं, धर्मग्रंथसुद्धा. ते कोकणातल्या गावांत राहिले, तेलाचे घाणे चालवायला लागले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना म्हणायचे ‘शनवार तेली’. त्यांना ज्यू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की हे तेली शनिवारी काम करत नाहीत.

पोथी नाही, शिकवायला गुरू नाही, देऊळ नाही. मग त्यांच्याकडे उरलं काय? शनिवारचा खाडा. मुलाची आठव्या दिवशी सुंता. कुठले मासे खायचे आणि कुठले नाहीत, एवढं. आणि ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना, तिचे सुरुवातीचे शब्द. जन्म असो, लग्न असो, मयत असो, तेच म्हणायचे. भाषा कळत नव्हती, शब्द मात्र पाठ होते.

सणांना त्यांनी आपली नावं दिली. एक होता खिरीचा सण. एक होता दारं लावून घरात बसायचा सण, तो म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस योम किप्पूर. आणि माझं सगळ्यात आवडतं नाव म्हणजे बिरड्याचा रोजा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुःखाचा हा उपास. कोकणात तो सोडताना वालाचं बिरडं खायचे, म्हणून बिरड्याचा रोजा. उपास कशासाठी ते धूसर झालं असेल, पण दिवस चुकला नाही, आणि बिरडंही.

माशांची परीक्षा

पहिला प्रश्न विचारला तो एका पाहुण्याने. परंपरेत त्याचं नाव दाविद रहाबी. तो नेमका कधी आला यावर मतं वेगवेगळी आहेत. कुणी त्याला हजार वर्षं मागे नेतात, तर कुणी म्हणतात तो अठराव्या शतकातला, कोचीनच्या रहाबी घराण्यातला. पण गोष्ट अशी की त्याला या लोकांबद्दल ऐकून शंका आली, हे आपलेच तर नाहीत? त्याने बायकांपुढे सगळ्या प्रकारचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी त्यातले फक्त पर आणि खवले असलेले मासे बाजूला काढले. बाकीचे आम्ही खात नाही, म्हणाल्या. ज्यू धर्मशास्त्राचा नियम नेमका हाच आहे. रहाबीची खात्री पटली. त्याने तिघांना निवडून शिकवलं, आणि त्या घराण्यांकडे पुढे काजीपण आलं.

ही गोष्ट जशीच्या तशी घडली का, ते बाजूला ठेवू. त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे: परीक्षा झाली ती स्वयंपाकघरात. ‘तुम्ही काय मानता?’ असा प्रश्न रहाबीने विचारला असता तर त्यांना उत्तर देता आलं नसतं. ग्रंथच नव्हता, तर सांगणार काय? त्याने पाहिलं ते त्या काय करतात. आणि उत्तर देणाऱ्या बायका होत्या.

आता जरा थांबून एक गोष्ट समजून घेऊ. श्रद्धा म्हटलं की आपण मनातलं काहीतरी समजतो. आधी विश्वास, मग कृती, असा क्रम धरतो. पण बऱ्याच समाजांत क्रम उलटा असतो. आधी कृती हाताला लागते, अर्थ मागाहून येतो. कधी चार पिढ्यांनी येतो. ज्याला आधी अर्थच पाहिजे असतो, त्याला ही उलटी रीत ढोंग वाटते. मलाही वाटायची.

किती जुने? एक तर्क आणि त्याची मर्यादा

समाजातल्याच एका माणसाने हा प्रश्न अभ्यास म्हणून घेतला. त्यांचं नाव हाईम सॅम्युएल किहीमकर. १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा सुरू करण्यात ते पुढे होते. त्यांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. १८९७ च्या सुमारास लिहून झालेलं ते पुस्तक छापून आलं १९३७ मध्ये, तेल अवीवला.

किहीमकरांचा तर्क ऐकण्यासारखा आहे. ज्यूंचा हनुका नावाचा दिव्यांचा सण आहे. तो सुरू झाला ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, जेरुसलेमचं मंदिर परक्या राजाच्या तावडीतून सोडवलं तेव्हा. कोकणातल्या ज्यूंना हा सण माहीतच नव्हता. म्हणजे ते सण सुरू होण्याआधीच निघाले असणार. म्हणून त्यांनी वर्ष काढलं, ख्रिस्तपूर्व १७५.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, वा, पटलं. मग विचार केला. एखादा सण माहीत नसणं याची दोन कारणं असू शकतात. एक, तो कधी कळलाच नाही. दोन, कळला होता पण विसरला. नुसत्या ‘माहीत नाही’वरून यातलं कुठलं ते ठरत नाही.

लेखी पुरावे बरेच नंतरचे आहेत. मायमोनिडीज हा बाराव्या शतकातला थोर ज्यू पंडित. त्याच्या एका पत्रात भारतातल्या ज्यूंचा उल्लेख येतो, की त्यांना शब्बाथ आणि आठव्या दिवसाची सुंता याखेरीज धर्मातलं काही ठाऊक नाही. वर्णन कोकणाशी जुळतं, पण ते यांच्याबद्दलच आहे का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बेने इस्रायलचा नक्की म्हणावा असा उल्लेख एका डॅनिश मिशनरीच्या १७३८ च्या पत्रातला.

किहीमकरांचं वर्ष पक्कं नाही म्हणून ते पुस्तक वाया गेलं का? अजिबात नाही. सणांची नावं, चालीरीती, घराण्यांची माहिती, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं म्हणून आज मी तुम्हाला बिरड्याचा रोजा सांगू शकतोय.

ज्यांनी बाटवायला शिकवलं त्यांनीच पक्कं केलं

दुसरा प्रश्न विचारणारे होते मिशनरी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी मुंबईत आणि कोकणात शाळा काढायला लागले. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज चौपाटीवर आहे, ते १८२९ मध्ये मुंबईत आले. बायबलचा जुना करार म्हणजे मुळात ज्यूंचाच ग्रंथ. मिशनऱ्यांना वाटलं, हे लोक आधीच अर्ध्या वाटेवर आहेत, थोडं शिकवलं की ख्रिस्ती होतील. म्हणून त्यांनी जुना करार मराठीत दिला, मुलांना हिब्रू शिकवलं. विल्सननी तर मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं.

झालं उलटंच. ख्रिस्ती फार थोडे झाले. बाकीच्यांनी मराठीत अब्राहाम, मोशे, योसेफ वाचले आणि त्यांना उलगडलं, अरे, आपण शनिवारी घाणा बंद ठेवतो तो यासाठी! जे शब्द पिढ्यान्‌पिढ्या न कळता म्हटले, त्यांचा अर्थ कळला. कोचीनहून ज्यू शिक्षकही येत होते. मुंबईत पहिलं सिनेगॉग १७९६ मध्येच झालं होतं, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेलं. अलिबागचं १८४८ चं. मग रेल्वे, पोस्ट, लष्कर, सरकारी दवाखाने अशा नोकऱ्यांमागे माणसं गावं सोडून निघाली, आणि जिथे गेली तिथे सिनेगॉग झालं. ठाण्याचं १८७९ चं त्यातलंच.

त्याच काळात त्यांनी एक अस्सल मराठी गोष्ट केली. कीर्तन घेतलं. तेच पूर्वरंग-उत्तररंग, तीच टाळ-पेटी, पण आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं.

म्हणजे बघा, प्रश्न विचारल्याने, वाचल्याने, बाहेरच्या माणसाकडून शिकल्याने यांची श्रद्धा मोडली नाही, उलट भरली. पण त्यासाठी आधी रिकामं का होईना, भांडं जपलेलं असावं लागतं. शनिवारचा खाडाच सोडून दिला असता, तर मराठी बायबल वाचून त्यांना काय आठवलं असतं?

घरी पोचल्यावर विचारलेला प्रश्न

तिसरा प्रश्न सगळ्यात जिव्हारी लागणारा होता. १९४८ साली इस्रायल देश झाला. प्रार्थनेत शतकानुशतकं ज्या जेरुसलेमचं नाव घेतलं, तिथे आता खरोखर जाता येणार होतं. हजारो कुटुंबं निघाली. भारतात त्यांना त्रास होता म्हणून नव्हे. ज्यू म्हणून इथे छळ झाला नाही, हे समाजातले लोक आजही आवर्जून सांगतात. ते गेले श्रद्धेपोटी, काही चांगल्या आयुष्याच्या आशेपोटी.

तिथे पोचल्यावर काहींच्या वाट्याला वाळवंटातली वस्ती आणि रंगावरून हिणवणं आलं. १९५१ मध्ये काही जणांनी तेल अवीवला धरणं धरलं, आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून. १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोकांना खरंच परत आणलं गेलं. पुढे त्यातले बरेच जण पुन्हा इस्रायलला गेले.

मग आला लग्नाचा प्रश्न. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्या हातात असतात. १९६१-६२ च्या सुमारास मुख्य धर्मपीठाने सूचना काढल्या: बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल, तर त्यांच्या आईकडच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागपर्यंत चौकशी करा. कारण काय? तर या लोकांत कितीतरी पिढ्या धर्मगुरूच नव्हते. मग एखाद्या बाईचा घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाला नसेल, तर तिच्या पुढच्या लग्नाची मुलं शास्त्राने दोषी ठरतात. शिवाय बाहेरच्यांशी लग्नं झाली नसतील कशावरून?

बेने इस्रायलांचं उत्तर साधं होतं: आमच्यात काडीमोडाची पद्धतच जवळजवळ नव्हती. कोकणातल्या शेजाऱ्यांसारखीच आमची रीत.

कल्पना करा. कोकणात ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांना प्रत्यक्ष ‘घरी’ पोचल्यावर विचारलं जात होतं की तुम्ही आमचेच कशावरून. पण ते गप्प बसले नाहीत. सभा झाल्या, निदर्शनं झाली, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन पेटलं. शेवटी त्या ऑगस्टमध्ये संसदेचं खास अधिवेशन भरलं आणि सरकारने स्पष्ट केलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. धर्मपीठाला सूचनेतून त्यांचं नाव काढावं लागलं.

इथे त्यांनी श्रद्धा सोडली नाही, आणि श्रद्धेच्या नावाखाली अपमानही सोसला नाही. ‘धर्मगुरू म्हणतात म्हणजे असेल’ असं म्हणून मान खाली घातली नाही. आपल्याकडे या दोन गोष्टी एकत्र जात नाहीत असंच गृहीत धरलेलं असतं.

आपल्याच घरातला प्रश्न

आता एक बाजू सांगायलाच हवी, नाहीतर ही गोष्ट फार गोड होईल. बेने इस्रायल समाजात आतमध्येही दोन थर होते: गोरे आणि काळे. याचा कातडीच्या रंगाशी संबंध नव्हता. आईवडील दोघेही समाजातले ते गोरे. ज्यांच्या पूर्वजांपैकी कुणी बाहेरच्या बाईशी संबंध जोडला, त्यांची संतती काळे इस्रायल. त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार नाही. शनिवार तेही पाळायचे, प्रार्थना तीच म्हणायचे, पण पंगतीत वेगळे.

म्हणजे जेरुसलेमच्या धर्मपीठाने जो प्रश्न यांना विचारला, ‘तुमची आजी कोण होती?’, तोच प्रश्न यांनी कोकणात आपल्याच माणसांना विचारला होता. हा भेद पुढे हळूहळू विरला. पण तो होता. मला वाटतं, आपल्या श्रद्धेची खरी तपासणी इथे होते. बाहेरच्याने विचारलेल्या प्रश्नाला आपण तावातावाने उत्तर देतो. आपल्या रीतीमुळे कोण दाराबाहेर राहिलं, हा प्रश्न मात्र आपला आपणच विचारावा लागतो.

रक्ताने काय सांगितलं

शास्त्राने उत्तर दिलं का? काही प्रमाणात. २०१६ मध्ये बेने इस्रायलांच्या जनुकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, दोन्हींचा ठळक वारसा आहे. ही सरमिसळ झाली साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे अंदाजे साडेसहाशे ते हजार वर्षांमागे. ज्यू वारसा जास्त करून पुरुषांकडून आलेला, भारतीय वारसा जास्त करून बायकांकडून.

म्हणजे पूर्वज लांबून समुद्रावरून आले, ही आठवण खोटी नव्हती. पण ‘आम्ही कुणात मिसळलोच नाही’ हा अभिमान खरा नव्हता. माशांच्या परीक्षेत पास झालेल्या त्या आज्यांमध्ये कोकणातल्याच बायका असणार. परंपरा जपली ती त्यांनी. रक्ताने ज्या ‘बाहेरच्या’, त्यांनीच घर आतून धरून ठेवलं.

हे वाचल्यावर मी एका मित्राला विचारलं. शाळेपासूनचा मित्र, बेने इस्रायल घरातला. म्हटलं, जनुकांचा अहवाल दुसरंच काही निघाला असता तर? तो म्हणाला, ‘तर काय? शुक्रवारी संध्याकाळी आई दिवा लावायचीच ना.’

त्याच्या घरी मी मलिदा खाल्लाय. पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, वर फळांच्या फोडी. संदेष्टा एलियाहूच्या नावाने हा विधी करतात. जगातले बाकीचे ज्यू एलियाहूला मानतात, पण पोह्यांचा प्रसाद फक्त यांचा. अलिबागजवळ खंडाळे गावात एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या, अशी समाजाची श्रद्धा. इस्रायलला स्थायिक झालेली कुटुंबं भारतात आली की तिथे नवस फेडायला जातात. जेरुसलेम सोडून नवसाला अलिबाग! नवगावनंतर मी तिथेही जाऊन आलो. मला तो कातळ दिसला. त्यांना रथ दिसतो. हसू आलं नाही, कारण जेजुरीच्या पायऱ्यांवर मला जे दिसतं ते तरी कोण सिद्ध करणार?

मग मी काय घेतलं

या सगळ्यातून माझ्यापुरत्या तीन गोष्टी सुट्या झाल्या. आपण श्रद्धा म्हणतो तो एकच गोळा नसतो.

एक असते कथा. जहाज कधी फुटलं, वर्ष कुठलं, रथ आला का. तिला खुशाल प्रश्न विचारावेत. ती बदलली तरी घर पडत नाही.

दुसरा असतो आचार. शनिवारचा खाडा, दिवा, बिरडं. तो अर्थ कळेपर्यंत टिकवता येतो. पूर्ण विश्वास बसल्याशिवाय हात लावायचा नाही, अशी अट घातली तर अर्थ कळायच्या आधीच रीत संपलेली असते.

तिसरी असते हद्द. कोण आत, कोण बाहेर. ही मात्र प्रत्येक पिढीने तपासायचीच असते, आणि जिथे तिने माणूस दुखावतो तिथे ती मोडायची.

आज भारतात ज्यू फार थोडे उरलेत. २०११ च्या जनगणनेत देशभरात पाच हजारही नव्हते. त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. गेलेल्यांनी इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. राहिलेल्यांचं टेंभी नाक्याचं दार अजून उघडतं, प्रार्थना होते. कधी बघायला जायचं असेल तर आधी परवानगी घ्या, ओळखपत्र न्या. ते प्रार्थनास्थळ आहे, तिथे पर्यटकासारखं शिरू नका.

आणि आमच्या तळीचं काय? मी आईला सांगितलं, यंदा चंपाषष्ठीला तळी मी उचलणार. मला खंडोबा दिसतो म्हणून नाही. तो अर्थ माझ्याकडे अजून आलेला नाही, आणि आलाय असं मी सांगणारही नाही. पण भांडं रिकामं असलं तरी ते माझ्या हातून फुटू नये. फक्त एक अट घातली. आमच्याकडे तळीला बायकांचा हात लागत नाही, आणि बाबा गेल्यापासून आई तर त्या दिवशी स्वयंपाकघरातूनच हात जोडते. रोडगा तिने थापायचा, भरीत तिने करायचं, आणि तळी उचलताना मात्र ती आत. यंदा ताम्हणाला पहिला हात तिचा लागायला हवा, असं मी म्हटलं.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘लोक काय म्हणतील रे?’ आणि परत जरा वेळाने, ‘बघू.’

चंपाषष्ठीला अजून अवकाश आहे. आमच्या घरी ‘बघू’चा अर्थ नाही असा होत नाही, एवढं मी तुम्हाला सांगू शकतो.

आजच्या भागात इतकंच. तुमच्या घरी अशी एखादी रीत असेल, जी कुणी का करतं ते कुणालाच सांगता येत नाही, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारून बघा. आणि विचारताना हेही विचारा, की ती रीत चालू असताना दाराबाहेर कोण उभं असायचं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.